गोळीमागचा उद्योगपुरुष : शेठ वालचंद हिराचंद

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास बसले की बहुधा रणांगणाची, तपोवनाची किंवा तुरुंगाची वाट चालावी लागते. ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत, त्यांच्याकडे जाणारी वाट मात्र वाण्याच्या दुकानातील काचेच्या बरणीपासून निघते. त्या बरणीत रंगीत कागदाच्या वेष्टनातल्या गोळ्या असत. आपल्या मराठी घरांतून अशा प्रत्येक गोळीला मुले बिनदिक्कत ‘चॉकलेट’ म्हणतात. तीत कोकोचा कणही नसला तरी त्यांचे काही अडत नाही. अशा गोळ्यांपैकी एका गोळीच्या वेष्टनावर ‘रावळगाव’ हे नाव छापलेले असे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या एका लहानशा गावाचे हे नाव देशभरातील मुलांच्या जिभेवर नेऊन ठेवणारे पुरुष म्हणजे शेठ वालचंद हिराचंद होत.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजरातेतले, दिगंबर जैन पंथाचे, आडनाव दोशी. परंतु कित्येक वर्षांपासून महाराष्ट्रात स्थायिक होऊन इथल्या मातीशी एकजीव झालेले. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत. व्यापारी असूनही त्यांना विद्येची व धर्मसुधारणेची ओढ होती. ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक त्यांनी सोलापुरातून सुरू केले. पैसा आणि पुस्तक या दोहोंचाही मान असलेल्या अशा घरात वालचंदांचे बालपण गेले. पुढे ते मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकले. परंतु पदवी पदरात पडण्यापूर्वीच शिक्षण सुटले आणि वंशपरंपरागत पेढीवर बसण्याची वेळ आली.

आता पेढीवर बसणे म्हणजे काय? भाव चढेल तेव्हा विकावे, पडेल तेव्हा घ्यावे, व्याजाचा हिशेब करावा आणि तिन्हीसांजेला तिजोरी बंद करावी. यात सुख होते, प्रतिष्ठाही होती. परंतु या तरुणाचे मन त्यात रमेना. दुसऱ्याने पिकविलेला माल तिसऱ्याला विकून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा, काल जे नव्हते ते आज उभे करण्यात त्यांना अधिक गोडी वाटू लागली. वालचंदांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली या एका आवडीत आहे.

ही गोडी कृतीत उतरविण्यास त्यांना एक विलक्षण साथीदार भेटला. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते लहानमोठी कंत्राटे घेऊ लागले होते. फाटकांजवळ कामाचा अनुभव होता, पण भांडवल नव्हते. वालचंदांजवळ पैसा व पत होती, पण अनुभव नव्हता. दोघे भागीदार झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या काही मैलांच्या मार्गाचे काम अंगावर घेतले. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ती छोटी आगगाडी होती. बालाघाटच्या वाचकांना तिची कल्पना वेगळी करून देण्याचे कारण नाही. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाणारी आपली सातपुड्याची छोटी गाडीही त्याच मापाच्या रुळांवरून धावे आणि तिचा मार्गही त्याच सुमारास, म्हणजे १९०३ ते १९०५ या काळात, तयार झाला. आता तेथे रुंद रूळ आले आहेत. परंतु त्या चिमुकल्या गाडीची आठवण वडीलधाऱ्यांच्या मनात अजून ताजी आहे. अशाच एका चिमुकल्या गाडीच्या भरावावर उभे राहून सोलापूरच्या या तरुणाने पुढील आयुष्याची दिशा ठरविली.

कंत्राटदाराचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नसते. उन्हात मजुरांबरोबर उभे राहावे लागते. दगड, चुना, लाकूड, पाणी यांचा मेळ घालावा लागतो. एका पावसाने सारा हिशेब वाहून जाण्याची भीती असते. शिवाय त्या काळी मोठी कामे परदेशी कंपन्यांकडे जात आणि हिंदी माणसाच्या वाट्याला उरलेसुरले येई. वालचंदांनी ही रीत मोडण्याचा निश्चय केला. पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या सहकार्याने त्यांनी बांधकामाची मोठी कंपनी चालविली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातले बोगदे ही त्या काळातील त्यांची कीर्ती वाढविणारी कामगिरी होय. सह्याद्रीचा कातळ फोडून आगगाडीला वाट करून देण्याचे हे काम हिंदी कंत्राटदाराला झेपेल काय, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. बोगदे पुरे झाले आणि शंका मिटली. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

याच्याही आधी एक मोठे साहस त्यांच्या हातून घडले होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आणि परदेशांशी होणारी जहाजवाहतूक तेव्हा जवळजवळ सर्वस्वी इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होती. १९१९ साली ‘लॉयल्टी’ नावाची एक आगबोट विक्रीस आहे, असे वालचंदांना समजले. ही बोट मूळची परदेशी कंपनीची. महायुद्धाच्या काळात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली होती आणि रुग्णालय-नौका म्हणून ती वापरात होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास अशा गृहस्थांना बरोबर घेतले आणि बोट विकत घेऊन नवी कंपनी काढली. तिला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी असे नाव दिले. आज ज्या मध्य प्रदेशात आपण राहतो, त्यातील एका मराठी राजघराण्याचे नाव अशा रीतीने सात समुद्रांवर गेले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. स्वतंत्र भारताने पुढे १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. ती बोट व्यापाराच्या दृष्टीने फायद्याची ठरली नाही. १९२३ साली ती मोडीत निघाली. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी दर इतके खाली आणले की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. अखेर १९२३ साली सिंदियाला त्या कंपन्यांशी करार करून स्वतःवर मर्यादा घालून घ्याव्या लागल्या. ज्या दिवसाचा आज उत्सव होतो, त्या दिवसाच्या पोटात इतकी कडू फळे होती. तरीही कंपनी बुडाली नाही. ती टिकली, वाढली आणि हिंदी व्यापारी नौकानयनाचा पाया झाली.

आता आपण रावळगावाकडे वळू. समुद्रावर दरयुद्धाचा हा संकटकाळ चालू असतानाच, १९२३ च्या सुमारास, वालचंदांनी मालेगावजवळ सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन खडकाळ होती. ज्या माणसाचे भांडवल बोटींत आणि बोगद्यांत गुंतलेले, त्याने अशा माळावर पैसा ओतावा, हे व्यवहारी माणसांच्या गळी उतरणे कठीण होते. परंतु रेल्वेचे भराव घालणाऱ्याला जमीन सपाट करण्याची भीती कशी वाटावी? दगड वेचले गेले, बांध घातले गेले, पाण्याची सोय झाली, शास्त्रीय पद्धतीने लागवड सुरू झाली आणि जेथे कुसळे वाढत तेथे ऊस डोलू लागला.

त्या काळात आपल्या देशात खाल्ली जाणारी पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावा बेटातून येई. ऊस आपल्याकडे पिके, गूळ आपल्याकडे होई. पण दाणेदार साखर मात्र जहाजातून उतरे. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविणारा कायदा केला आणि देशी कारखान्यांना उभे राहण्यास अवसर मिळाला. वालचंदांनी तो अवसर दवडला नाही. १९३३ साली रावळगावात साखर निघू लागली. पाठोपाठ पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे दुसरा कारखाना उभा राहिला. तेथे वसलेली वसाहत आज वालचंदनगर म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे तेथे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रेही तयार होऊ लागली.

साखर आली की तिच्यापासून पुढे काय करता येईल, हा प्रश्न ओघानेच आला. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, रावळगावात गोळ्या तयार होऊ लागल्या. वालचंदांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी बोटी, विमाने आणि मोटारी होत्या. तरी मुलांच्या खाऊचा धंदा त्यांनी क्षुद्र मानला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अशी गोळी होते कशी, हे समजून घेणे कठीण नाही. कारण तिचे मूळ आपल्याच स्वयंपाकघरात आहे. साखरेत पाणी घालून आधणावर ठेवले की प्रथम एकतारी पाक होतो, मग दोनतारी, मग गोळीबंद. प्रत्येक पायरीला पाण्याचा अंश कमी होतो आणि उष्णता वाढते. आपल्या आया-आज्या ही उष्णता अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ओढलेल्या तारेवरून ओळखतात. कारखान्यात हेच काम तापमापक करतो. पाक दीडशे अंशांच्या आसपास नेला की त्यात पाणी जवळजवळ उरतच नाही आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा कठीण व पारदर्शक होतो. नुसत्या साखरेचा पाक पुन्हा रवाळ होऊ पाहतो, म्हणून त्यात द्रवरूप ग्लुकोज मिसळतात. पाक थोडा निवला की रंग, आंबटपणा आणि सुगंध मिसळावयाचे, त्याची दोरी ओढावयाची, साच्यातून गोळ्या पाडावयाच्या आणि लगेच कागदात गुंडाळावयाच्या. कारण हवेतला ओलावा लागला की गोळी चिकट झालीच म्हणून समजावे.

मग खरे चॉकलेट सोडून गोळ्याच का, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या उन्हाळ्यात आहे. कोकोचे लोणी सुमारे चौतीस अंशांना वितळते आणि आपल्या बालाघाटात वैशाखातला पारा चाळिशी सहज ओलांडतो. शीतपेटी नसलेल्या खेड्यातल्या दुकानात चॉकलेटची वडी दुपारपर्यंतही टिकणार नाही. साखरेची गोळी मात्र बरणीत महिनोन्‌महिने राहील आणि एक-दोन नाण्यांत गरिबाच्या मुलालाही मिळेल.

घरी मात्र चॉकलेटची वडी करण्यास कोणतीच अडचण नाही. भट्टी नको की साचा नको. एक वाटी साखर अर्ध्या वाटी पाण्यात घालून एकतारी पाक करावा आणि पातेले खाली उतरवावे. दोन चमचे लोणी, तीन चमचे कोको आणि दोन वाट्या दुधाची भुकटी गुठळ्या होऊ न देता त्यात कालवावी, मिश्रण तूप लावलेल्या ताटात थापावे आणि निवल्यावर वड्या पाडाव्यात. पाक कच्चा राहिला तर वडी वळत नाही, फार पुढे गेला तर ती दगड होते. हाती घेतलेल्या कामाची नेमकी वेळ ओळखणे म्हणजे काय, हे एवढ्या एका पातेल्यात शिकता येते. वालचंदांच्या आयुष्यात ही वेळ ओळखण्याची कसोटी वारंवार लागली.

१९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी स्थापन केली. ज्या देशात मोटार तयार होत नव्हती, तेथे विमान तयार करावयाचे म्हणजे धाडसच! परंतु युद्धाची गरज आणि अमेरिकी तंत्रज्ञांचे साहाय्य यांचा मेळ घालून त्यांनी ते आरंभिले. १९४२ साली सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. आज तीच संस्था देशाच्या वायुदलासाठी विमाने तयार करीत आहे.

२१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सिंदिया कंपनीच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. विशाखापट्टणमचे हे नाव बालाघाटकरांनी लक्षात ठेवावे. १९३३ साली खुल्या झालेल्या त्या बंदराच्या उभारणीमागे मध्य प्रांतातील मँगनीज परदेशी पाठविण्याची सोय हा एक प्रमुख हेतू होता. आपल्या भरवेलीच्या खाणीतले मँगनीज परक्या कंपनीने काढावे, परक्या जहाजांत भरावे आणि त्यापासून झालेले पोलाद आपण पुन्हा विकत घ्यावे, असा तो क्रम होता. ज्या धक्क्यावरून कच्ची माती बाहेर जात होती, त्याच किनाऱ्यावर आपली जहाजे बांधण्याचा संकल्प वालचंदांनी केला. युद्धामुळे कामात पुष्कळ अडथळे आले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात सोडण्यात आले. स्वतंत्र भारतात पाण्यात उतरलेले हे पहिले मोठे आधुनिक जहाज होय. हा कारखानाही पुढे सरकारकडे गेला.

तिसरा संकल्प मोटारीचा. त्यासाठी परवानगी मिळविण्यात वालचंदांची वर्षे खर्ची पडली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मुंबईत कुर्ला येथे मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. त्यांच्या पश्चात याच कारखान्यातून निघालेल्या ‘पद्मिनी’ मोटारीने मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून कित्येक दशके राज्य केले.

अशा पुरुषावर टीका झाली नसती तरच नवल. ज्या सरकारशी ते झगडले, त्याच सरकारची युद्धकाळातील कंत्राटे त्यांनी घेतली, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. हा आक्षेप निराधार नाही. ते संत नव्हते, व्यापारी होते. फायदा त्यांना हवा होता आणि तो ते लपवीतही नसत. परंतु फायदा घेऊन स्वस्थ बसणारे अनेक झाले. एका कामातला पैसा दुसऱ्या, अधिक अवघड आणि अधिक अनिश्चित कामात घालणारे थोडे झाले. वालचंदांची गणना या थोड्यांत करावी लागते. त्यांचे विमान गेले, गोदी गेली, पहिली बोट मोडीत निघाली. तरी ज्या ज्या वाटेने ते गेले, ती वाट मागून येणाऱ्यांसाठी मोकळी झाली.

एवढ्या धावपळीची किंमत शरीराने मोजली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात त्यांना पक्षाघाताने ग्रासले. एका वेळी दहा ठिकाणी लक्ष ठेवणारा हा पुरुष अंथरुणास खिळला आणि कारभार बंधूंच्या व सहकाऱ्यांच्या हाती सोपविणे भाग पडले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’ने मुंबईचा किनारा सोडल्याला तेव्हा चौतीस वर्षे आणि तीन दिवस झाले होते. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करून आहे.

रावळगावची गोळी त्यांच्या मागे सत्तर वर्षे देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचत राहिली. ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ ही तिची पुढील भावंडे अनेक पिढ्यांच्या ओळखीची झाली. परंतु बाजार कोणासाठी थांबत नाही. मोठ्या कंपन्यांची स्पर्धा वाढली, खर्च वाढले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत या गोळ्यांची नावे सत्तावीस कोटी रुपयांना रिलायन्सच्या एका कंपनीकडे गेली. घराण्याचा धंदा दुसऱ्याच्या हाती गेला म्हणून हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तरी ज्याने स्वतःच्या हयातीत विमानाचा कारखाना दुसऱ्याच्या हाती जाताना पाहिला आणि लगेच मोटारीच्या मागे लागला, त्या वालचंदांना या हळहळीत फार काळ बसणे मानवले नसते.

विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, आपला जिल्हा निसर्गाने संपन्न केलेला आहे. वैनगंगेच्या काठचा तांदूळ, भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे, जंगलातील तेंदूपत्ता आणि मोह, यांपैकी पुष्कळसे कच्च्या रूपातच बाहेर जाते आणि पक्के होऊन, चौपट किमतीने परत येते. खडकाळ माळावर ऊस, उसाची साखर आणि साखरेची गोळी, ही जी साखळी सोलापूरच्या एका तरुणाने गुंफली, तशी एखादी साखळी आपल्या मातीतल्या वस्तूंची गुंफता येईल काय, याचा विचार आपणच करावयाचा आहे. त्याला आरंभी मोठे भांडवल लागतेच असे नाही. फाटकांजवळ ते नव्हते. मोठी पदवी लागतेच असेही नाही. वालचंदांजवळ ती नव्हती. एकाजवळ जे नाही ते दुसऱ्याजवळ असते, आणि दोघे एकत्र आले की पहिले काही मैल रूळ पडतात. पुढचा मार्ग त्यानंतर दिसू लागतो.